२०७० ला अजून वेळ आहे, मग बॉयलरची घाई कशाला?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं दिंडोरी रस्त्याला कांदा वाळवण्याचं आणि टोमॅटो केचपचं युनिट आहे. दोन टनी (म्हणजे तासाला दोन टन वाफ देणारा) कोळशाचा बॉयलर म्हातारा झालाय आणि नव्या दोन टनी बॉयलरचं कोटेशन टेबलावर पडलंय. वडील म्हणतात, "सरकारनेच २०७० सांगितलंय, आपल्याला कसली घाई? आणि आधी अमेरिकेला सांगा." ताईंना घाई आहे असं वाटतं, पण किती आणि कशाची, हे वडिलांना पटवता येत नाही. वर आणखी एक शंका त्यांना स्वतःलाच आहे: कोळसा सोडून विजेवर गेलो तरी ती वीज नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्राच्या कोळशाचीच ना?

मी २८ वर्षं सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात कारखान्यांची एनर्जी ऑडिट, म्हणजे इंधन आणि वीज कुठे वाया जाते याची तपासणी, करतोय. बॉयलरच्या बाजूला उभं राहून घाम गाळलेला माणूस आहे, हवामानशास्त्रज्ञ नाही. पण गेल्या दहा वर्षांत हा प्रश्न इतक्या वेळा समोर आलाय की त्याचं गणित पाठ झालंय. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी वडिलांचं म्हणणं. ते चुकीचं नाही, अर्धवट आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने २०७० साली 'नेट झिरो' गाठू असं जाहीर केलं, हे खरं. नेट झिरो म्हणजे जेवढा कार्बन हवेत जाईल तेवढाच परत शोषला जाईल, सगळ्या देशाचा मिळून हिशेब शून्य. आता एवढ्या मोठ्या देशात सर्वांत शेवटी काय उरेल? पोलादाच्या भट्ट्या, सिमेंट, विमानं. ज्यांना आज खरोखर पर्याय नाही ती कामं. ६५ अंशांच्या गरम हवेवर कांदा वाळवणं त्या यादीत बसत नाही हो. शेवटच्या माणसासाठी ठेवलेली मुदत रांगेतला पहिला माणूस वापरायला लागला तर रांग पुढे सरकणार कशी?

दुसरं असं की मुदत आणि यंत्राचं आयुष्य या दोन गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय 'वेळ आहे' याला काही अर्थ नाही. आपण नाशिककर मोठी वर्षं सिंहस्थाने, म्हणजे दर बारा वर्षांच्या कुंभमेळ्याने, मोजतो, म्हणून मी गिऱ्हाइकांना तसंच सांगतो. (गुरू कधी एखादं वर्ष मागेपुढे करतो, ते सोडा.) चांगला बॉयलर वीस-पंचवीस वर्षं चालतो, म्हणजे दोन सिंहस्थ. तुम्ही २०२७ च्या सिंहस्थाच्या सुमारास घेतलेला बॉयलर २०३९ चा पाहील आणि २०५१ चाही कदाचित पाहील. औष्णिक केंद्राचं तर विचारूच नका. एकलहऱ्याचे २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. त्यांचे १९९१, २००३ आणि २०१५ असे तीन सिंहस्थ झाले. तसाच एखादा नवा संच आज कुठे उभा राहिला तर तो २०६३ चाही पाहील. २०७० त्याच्या पुढे जेमतेम सात वर्षं. म्हणजे २०७० साली कोळसा जळत असेल की नाही, याचा बराचसा निकाल आत्ता निघणाऱ्या परचेस ऑर्डरींमध्ये लागतोय.

हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही. २००८ च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं. फर्नेस ऑइलवर, म्हणजे कच्च्या तेलातून निघणाऱ्या जड इंधनावर, चालणाऱ्या कारखानदारांची झोप उडाली. त्यातल्या एकाने मला बोलावलं. मी पंधरा दिवस मोजमापं घेतली आणि २००९ च्या सुरुवातीला अहवाल दिला: फर्नेस ऑइल सोडा, कोळशाचा बॉयलर घ्या, चौदा महिन्यांत पैसे वसूल. चौदाचे तेरा झाले. मालक अजून दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा पाठवतात. पण तो बॉयलर आजही चालू आहे. २०१९ मध्ये मी त्यांना म्हटलं, आता पर्याय आलेत, बदलूया. ते हसले. "साहेब, कर्ज फिटलंय, मशीन धडधाकट आहे. चांगला चालता बैल बाजारात कोण नेतं?" त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. माझं चुकलं ते हे, की मी चौदा महिन्यांचा हिशेब केला आणि पंचवीस वर्षांवर सही केली. त्या चिमणीवरून जाताना मला दरवेळी माझी सही दिसते.

आता घाईचं मूळ कारण. कार्बन डायऑक्साइड एकदा हवेत गेला की त्यातला मोठा वाटा शेकडो वर्षं तिथेच राहतो. त्यामुळे तापमान किती वाढणार हे एका वर्षाच्या धुरावर ठरत नाही, आजवरच्या एकूण बेरजेवर ठरतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०२१ च्या अहवालात तो हिशेब दिला: दर १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे ०.४५ अंश सेल्सिअस. तापमानवाढ औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत दीड अंशाच्या आत राहण्याची निम्मी-निम्मी शक्यता हवी असेल तर २०२० च्या सुरुवातीपासून जगाच्या हातात उरले होते सुमारे ५०० अब्ज टन. आणि जग वर्षाला जाळतं साधारण ४०.

गंगापूर धरणाचं बघा. १५ ऑक्टोबरला साठा मोजतात आणि त्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंतची आवर्तनं ठरतात. पिण्याला किती, शेतीला किती, कारखान्यांना किती. पहिल्या दोन आवर्तनांत हात सैल सोडला तर मार्चमध्ये बोंबाबोंब होते, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. कार्बनचा साठा तसाच. फक्त या धरणाला पुढचा पावसाळा नाही.

वडिलांसमोर कागद घ्या आणि एक त्रिकोण काढा. उभी बाजू ४०, आडवी बाजू वर्षं. दरवर्षी थोडं थोडं, सारख्या हप्त्याने कमी करत २५ वर्षांत शून्यावर आलो तर त्रिकोणाचं क्षेत्रफळ होतं २५ गुणिले ४० भागिले २, म्हणजे बरोबर ५००. जमलं. आता दहा वर्षं काहीच केलं नाही असं धरा. दहा चोक चारशे तिथेच संपले, उरले १००. त्यासाठी दुसरा त्रिकोण काढा: ४० वरून शून्यावर यायला मिळतात पाच वर्षं. २५ वर्षांचं काम पाच वर्षांत, तेही जगातल्या प्रत्येक बॉयलर, ट्रक आणि वीज केंद्राचं. मुदतीचं वर्ष काय लिहिलंय यापेक्षा उतरण कधी सुरू झाली याला किती वजन आहे, ते या दोन त्रिकोणांत दिसतं. मी हे बँकेच्या मॅनेजरला काढून दाखवलंय, सोसायटीच्या चेअरमनला दाखवलंय. दहावीचं गणित आहे, लगेच पटतं.

आणि हे २०२० पासूनचं गणित आहे. मधल्या सहा वर्षांत करोनाचं वर्ष वगळलं तर धूर कमी झालेला नाही, म्हणजे २४० च्या आसपास त्यातले गेलेच. नंतर झालेल्या मोजदादींत उरलेला साठा याहूनही कमी निघालाय. सरळ सांगतो, दीड अंश हातचा गेल्यात जमा आहे. २०२४ हे तर पहिलं अख्खं वर्ष दीड अंशाच्या वर गेलं, जागतिक हवामान संघटनेचा आकडा १.५५ आहे. एका वर्षाने पॅरिस हवामान कराराची ही दीड अंशाची मर्यादा मोडली असं म्हणत नाहीत, त्यासाठी लांबची सरासरी धरतात. पण दिशा दिसते.

"मग आता धडपड कशाला?" हा त्यापुढचा प्रश्न मला नेहमी येतो, विशेषतः तरुण पोरांकडून. ही पास-नापासाची परीक्षा नाही. १.६ हे १.७ पेक्षा बरं, १.७ हे १.८ पेक्षा बरं. उत्सर्जन शून्यावर आलं की वाढ साधारण तिथेच थांबते, असं विज्ञान सांगतं. पण थांबते म्हणजे खाली येत नाही, आपल्या नातवंडांच्या हयातीत तरी नाही. जिथे थांबू तिथे राहायचं आहे. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने निफाडकडच्या बागांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या एका गारपिटीचं खापर थेट कोळशावर फोडू नका, एका घटनेवरून तसं म्हणता येत नाही. मात्र हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि धरलेलं कधीतरी सोडते. छाटणीची तारीख ठरवताना आता बागायतदाराच्या पोटात जो गोळा येतो तो उगाच नाही.

वडिलांचा दुसरा मुद्दा, 'आधी अमेरिकेला सांगा', हा मला पूर्ण मान्य आहे. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. शिवाय बेरजेचा हिशेब धरला तर दीडशे वर्षांचं त्यांचं उधार आधीचंच आहे. पण गंमत बघा. जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या भांडणात आपण गोदावरीच्या वरच्या अंगाला आहोत. २००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटप काढून मराठवाडा पाणी मागतो तेव्हा आपण म्हणतो, धरणं आमची, पाणी आमचं. हवामानाच्या भांडणात आपण खालच्या अंगाला आहोत आणि आपलं सगळं म्हणणं मराठवाड्याचं आहे: वरच्यांनी आधी वापरलं, आता वाटून द्या. दोन्हीकडे मी नाशिककरच, त्यामुळे मला दोन्ही बाजू टोचतात. देशाने जागतिक परिषदेत हा मुद्दा घट्ट धरून ठेवावा. तुमच्या बॉयलरच्या कोटेशनवर मात्र तो काही कामाचा नाही, कारण अमेरिकेने उद्या सगळं बंद केलं तरी तुमची वाफ तुम्हाला महागच पडणार आहे. ते पुढे येतंच.

आता देश आणि वीज. इथे मी दोन्ही पक्षांच्या लोकांना नाराज करतो.

एकलहरे उद्या बंद करा म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सातला लोडचा, म्हणजे विजेच्या मागणीचा, आलेख बघावा. २०२५ च्या मध्यात देशाच्या एकूण वीज क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅसशिवायची, झाली, ही मोठी गोष्ट आहे. २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. पण क्षमता वेगळी आणि युनिटं वेगळी. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून तीन चतुर्थांशाच्या आसपास आहे. सूर्य मावळल्यावर पंखे, कूलर, टीव्ही, एसी एकदम चालू होतात आणि तेव्हा कोळसाच कामाला येतो. २०२४ च्या ३० मे रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटला टेकली होती. जुने संच आहेत ते राहू द्यात, पण दिवसा कमी लोडवर चालवा, संध्याकाळी वर न्या, आणि दरवर्षी त्यांचे तास कमी करत जा. हे बोलायला सोपं आहे. जुना २१० चा संच रोज खालीवर करणं म्हणजे साठीच्या माणसाला रोज पांडवलेणी चढायला लावणं. ट्यूबा फुटतात, ऑपरेटर वैतागतात. तरी करावं लागेल.

आणि 'विकासाला कोळसा लागणारच, नवे संच बांधा' म्हणणाऱ्यांनी एकदा सिन्नरला जाऊन यावं. १,३५० मेगावॉटचा प्रकल्प बांधून उभा राहिला आणि वर्षानुवर्षं बंद पडून राहिला. कोळसा आणणारा रेल्वेमार्ग पुरा नाही, वीज घ्यायचा करार नाही. कारण हवामान नव्हतं, मान्य. पण हजारो कोटी एकदा काँक्रीटमध्ये ओतले की ते कुठल्याही कारणाने अडकू शकतात, आणि आता तर स्वस्त सौर विजेचं कारण नव्याने आलंय. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला होता. बॅटऱ्या गेल्या दहा-पंधरा वर्षांत सुमारे नव्वद टक्क्यांनी स्वस्त झाल्या. नवे औष्णिक संच बांधायचं धोरण मला पटत नाही. मात्र संध्याकाळच्या मागणीचं उत्तर न देता नुसतं 'नको' म्हणणं तेवढंच पटत नाही.

इंग्लंडचं उदाहरण लोक तोंडावर फेकतात. लंडनमध्ये १८८२ साली जगातलं पहिलं सार्वजनिक कोळसा वीज केंद्र सुरू झालं आणि ३० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी शेवटचं बंद केलं. २०१२ पर्यंत त्यांची चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती. म्हणजे १४२ वर्षांचा संसार आणि शेवटची आवराआवर बारा वर्षांत. वेग शक्य आहे, एवढं त्यातून जरूर घ्यावं. पण त्यांच्याकडे समुद्रातला गॅस होता, कारखाने आधीच परदेशी गेले होते आणि विजेची मागणी वाढत नव्हती. आपली दरवर्षी वाढते. वाढत्या पोराचे कपडे आणि म्हाताऱ्याचे कपडे एका मापाने शिवत नाहीत.

आंतरराष्ट्रीय भाषेत याच शब्दांवर किस पाडला जातो. ग्लासगोत कोळसा 'बंद करण्या'ऐवजी 'कमी करण्या'चा शब्द शेवटच्या क्षणी घालून घेतला तो भारत आणि चीनने. २०२३ च्या डिसेंबरात दुबईत सगळ्याच जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं, न्याय्य आणि शिस्तशीर पद्धतीने, आणि या दशकात वेग वाढवून, असं पहिल्यांदा लिहिलं गेलं. 'न्याय्य' या शब्दाला मी हसत असे. एकदा एकलहऱ्याच्या बाजूला राखेच्या विटा पाडणाऱ्या एकाच्या शेडमध्ये गेलो. बारा माणसं, दोन मशीन, राख केंद्राची. "साहेब, कोळसा बंद झाला तर राख कुठली?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. केंद्राच्या कायम कर्मचाऱ्यांना बदली मिळेल. कंत्राटी हेल्पर, राखेचा हायवा ट्रक चालवणारा, वीटवाला, गेटसमोरचा वडापाववाला यांचं पुनर्वसन कुणाच्या फाइलवर आहे? लवकर ठरवलं तर यांना दहा-बारा वर्षं मिळतात. शेवटपर्यंत टाळलं तर एका नोटिशीवर घरी जातील. घाईच्या बाजूने मला माहीत असलेला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि तो तापमानाचा नाही.

शेतीपंपाची बाजूही तशीच. पाळीने येणारी रात्रीची वीज आणि उसात बिबट्या, हे निफाड-सिन्नरकडच्या माणसाला सांगायला नको. दिवसाची सौर फीडरची, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या सौर लाइनची, वीज हा तिथे पर्यावरणाचा विषयच नाही. रात्री दोनला बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला जायचं की नाही, एवढाच आहे. असे बदल लोक आपणहून मागतात, त्यांना भाषण लागत नाही.

आता ताईंची स्वतःची शंका: वीजही कोळशाचीच. हिशेब करू. साधा देशी कोळसा किलोला ४,००० किलोकॅलरीचा धरा. तुमच्यासारख्या बॉयलरात त्यातली सत्तर टक्के उष्णता वाफेत उतरली तर उत्तम, म्हणजे २,८००. वाटेतली गळती वेगळी. उलट एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. नुसत्या हीटरने तापवलं तर तेवढीच मिळते, म्हणून कॉइलचा हीटर लावणं हा वेडेपणा. पण हीट पंप हा उलटा लावलेला फ्रिज असतो, तो बाहेरच्या हवेतली किंवा ड्रायरच्या ओलसर हवेतली उष्णता ओढून आत ढकलतो. ७०-८० अंशांपर्यंतच्या कामाला एका युनिटमागे तीन युनिटांची उष्णता देतो, म्हणजे २,५८०. वाफेच्या लाइनची गळती धरली तर हिशेब लक्षात ठेवायला सोपा: हीट पंपातलं एक युनिट बरोबर बॉयलरमधला एक किलो कोळसा.

आता धूर. एक किलो असा कोळसा जाळला की दीड किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड. आपल्या ग्रिडचं, म्हणजे देशाच्या वीजजाळ्याचं, एक युनिट, सगळा कोळसा त्यात धरून, साधारण ०.७ किलो. म्हणजे एकलहऱ्याची काळी वीज मिसळलेली ग्रिडची वीज वापरली तरी धूर निम्म्यावर. आणि ग्रिड वर्षागणिक स्वच्छ होत जाईल तसा तुमचा हीट पंप काही न करता स्वच्छ होत जाईल. बॉयलर मात्र शेवटच्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकाच काळा राहील.

पैशाचं तुम्हीच बघा: गेटवर पडणारा कोळशाचा किलोचा भाव, त्यात उतराई, राख उचलायचा खर्च, फायरमनचे तीन पाळ्यांचे पगार घाला आणि विजेच्या एका युनिटशी तुलना करा. शेडवर १०० किलोवॉट सोलर बसवलं तर वर्षाला १ लाख ४० हजारांच्या आसपास युनिटं मिळतील, जागा लागेल सुमारे दहा हजार चौरस फूट. २०२३ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या नियमांत बदल करून उन्हाच्या तासांत दर कमी आणि मागणीच्या तासांत जास्त अशी रचना आणली. कांदा दिवसा वाळवता येतो. ही सोय पोलादवाल्याला नाही, तुम्हाला आहे.

पाइपच्या गॅसबद्दल पण विचारलंत. जळताना तो कोळशाच्या जवळपास निम्माच कार्बन सोडतो, स्वच्छ आहे, राख नाही. पण तो मुळात मिथेन. न जळता गळला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. ज्यांना उच्च तापमान लगेच हवंय त्यांनी घ्यावा, मात्र 'किमान इतका उचला नाहीतर पैसे भरा' असा लांब मुदतीचा करार करू नये. मी दोन गिऱ्हाइकांना त्यात अडकलेलं पाहिलंय.

एक आकडा मुद्दाम सांगतो, कारण तो तुम्हाला कोणीतरी सांगून हिणवेल. तुमचा बॉयलर हंगामात दिवसाला दोन टन कोळसा खातो. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर ४०० टन, पंचवीस वर्षांत १०,००० टन. एकलहऱ्याचे तिन्ही संच पूर्ण लोडवर एक दिवस चालले तर साधारण तेवढाच कोळसा लागतो, दोन-अडीच रेक, म्हणजे मालगाड्या. तुमचा पंचवीस वर्षांचा कोळसा म्हणजे त्यांचा एक दिवस. मग कशाला करायचं? कारण एकलहऱ्याचा निर्णय मंत्रालयात होतो, तुमचा तुमच्या टेबलावर. आणि असे छोटे बॉयलर या जिल्ह्यात किती आहेत ते मी चिमण्या मोजत फिरलोय म्हणून जाणतो.

तर माझा सल्ला. नवा दोन टनी बॉयलर घेऊ नका. थांबूही नका. मागच्या फेरीत मी तुमच्या शेडमध्ये दोन तास होतो, तेव्हा जे दिसलं ते सांगतो. ड्रायरच्या मागच्या बाजूला सहा स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) आहेत, त्यातले दोन सताड उघडे, फुसफुस करत वाफ सरळ गटारात. मुख्य व्हॉल्व्हवरचं इन्सुलेशन दुरुस्तीच्या वेळी काढलं ते परत बसवलेलंच नाही, पोरं तिथे डबे गरम करतात. सगळ्यात वाईट म्हणजे कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं परत झालेलं ९० अंशांचं शुद्ध पाणी, नालीत जातंय आणि बॉयलरला बोअरचं गार पाणी भरताय. फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला भरायचं पाणी, ६ अंशांनी गरम झालं की इंधन एक टक्का वाचतं, हा आमच्या धंद्यातला पाढा आहे. तुमचं ३० वरून ७५ वर गेलं तर सात टक्के तिथेच सुटले. हे सगळं दुरुस्त केलं की तुम्हाला मुळात दोन टनी बॉयलर लागतच नाही हे तुमच्या लक्षात येईल. कोटेशन देणाऱ्याने ते सांगितलं नाही, सांगणारही नाही.

मग जुना बॉयलर ट्यूबची जाडी तपासून घेऊन, बाष्पके निरीक्षकांनी प्रमाणपत्र दिलं तरच, तीन हंगाम चालवा. प्रमाणपत्र नाही मिळालं तर एक दिवसही नाही, तिथे तडजोड नको. या तीन हंगामांत एका ड्रायरला हीट पंप लावून बघा, एकालाच. कांद्याचा रंग आणि तिखटपणा टिकतो का ते तुमच्या गिऱ्हाइकाकडून तपासून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका. केचपच्या पल्पिंग आणि निर्जंतुकीकरणाला १२० अंशांवरची वाफ लागतेच, तिथे हीट पंप आज परवडत नाही. त्यासाठी शेवटी अर्ध्या टनाचा ब्रिकेटवरचा (शेतीच्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या विटांवरचा) छोटा बॉयलर ठेवा. ब्रिकेट पावसाळ्यात ओल्या येतात आणि महाग होतात, तेव्हा मे महिन्यात भरून ठेवायला जागा करा.

वडिलांना त्रिकोण दाखवा, पण त्याआधी हे करा. बाजारातून दीडशे रुपयांचा थर्मामीटर आणून फीड टँकमध्ये टांगा. फायरमनला सांगा, सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार, असे तीन आकडे वहीत लिही. सोबत त्या दिवशी किती घमेली कोळसा टाकला तेही. आठ दिवसांची वही झाली की मला फोटो पाठवा. गुरुवारी मी पिंपळगावला असतो, येताना तुमच्याकडे उतरेन. ट्रॅपची जाळी त्या दिवशी उघडून ठेवायला सांगा, आणि नव्या बॉयलरचा ॲडव्हान्स तोपर्यंत भरू नका.